चारही नमुने एकसारखे

सातारा, ४ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप गुंडाकाकांना ब्राह्मीचा जय जिनेंद्र.

तुमचं पत्र मिळालं. विट्याहून साताऱ्याला यायला त्याला सहा दिवस लागले. स्वतःच्या पायांनी आलं असतं तर तीन लागले असते. पण तक्रार तरी कुणाकडे करू? कानाचं मशीन तुम्ही डबीत जपून ठेवता, फोनवर फक्त "हॅलो" म्हणता आणि व्हिडिओ कॉलवर मला तुमचं कपाळ आणि पंखा दिसतो. तेव्हा पत्रच बरं. निदान तुमचं अक्षर तरी जागेवर असतं.

तुम्ही विचारलंय की माझी पीएचडी नक्की कशात आहे, कारण बाबांना विचारलं तर ते "विजेचं काहीतरी" म्हणाले. मदुराईच्या तुमच्या गलाईच्या दुकानात पंधरा वर्षं सोनं गाळलेल्या जयपाल मगदूमांना मुलीच्या नऊ वर्षांच्या कष्टांतून एवढंच समजलं, याचा मला अभिमान आहे.

थोडक्यात सांगते. चोख धातूत वीज वाहते, कारण इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. त्यात मळ मिसळत गेला की ते अडखळतात. मळ एका ठरावीक हद्दीपलीकडे गेला की सगळे जागच्या जागी बसतात आणि तोच धातू दगडासारखा होतो, वीज बंद. पाण्याचा बर्फ होतो तसा हा बदल. मी पाहते ते या हद्दीवर इलेक्ट्रॉनांच्या गुंतलेपणाचं काय होतं. गुंतलेपण म्हणजे आपल्याकडचा सामाईक सातबारा. चार भावांचं मिळून रान किती ते नेमकं सांगता येतं, पण एकट्याचं कुठलं असं विचारलं तर तलाठीही आभाळाकडे बघतो. हद्दीच्या अलीकडे हे गुंतलेपण लांबवर पोचतं, पलीकडे शेजाऱ्यापुरतं उरतं. बाकी जगाला हा बदल सावकाश होताना दिसला. मला तो एका उडीत झालेला दिसला. म्हणूनच परदेशी नियतकालिकाने माझा पेपर छापला आणि शेडबाळे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, मला आता नावाने ओळखतात.

यंदा क्वांटम वर्ष आहे. कॉलेजने फाटकावर बॅनर लावलाय. त्यावर अणूचं चित्र आहे, प्राचार्यांचा फोटो अणूहून मोठा आहे.

२६ सप्टेंबरला तोंडी परीक्षा, १० ऑक्टोबरला कायमच्या जागेची मुलाखत. नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतेय, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि मे महिन्यात उपास. यापूर्वीची जाहिरात अकरा वर्षांपूर्वी आली होती. ही हुकली तर पुढच्या मुलाखतीला मी काठी टेकत जाईन.

मळ घातलेले दहा हजार नमुने मी संगणकावर बनवले. लॅबमधल्या चाळीस मशीनांवर, प्रत्येकी अडीचशे. आमचे परिचर जोतिबा दर रविवारी येऊन सगळी मशीनं चालू करून द्यायचे. चाळीसही मशीनांचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं आलं, काका. तुमच्या दुकानात हे कधी जमलं होतं का?

काकूंना नमस्कार.

तुमची ब्राह्मी


विटा, १२ ऑगस्ट

चि. ब्राह्मीस गुंडाकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा न लावता, तेव्हा जास्त समजलं.

मी चाळीस वर्षं सोन्यातला मळ काढला. तेजाबाच्या धुराने छाती गेली, भट्टीच्या भात्याने कान गेले, आणि लोकांनी मला "गलाईवाला" म्हटलं. तू चांगल्या धातूत मळ घालतेस आणि लोक तुला डॉक्टर म्हणणार. तुझ्या काकूला, बनुबाईला, वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आवं, मग मी सैपाकात रोज तेच करतीया, मलाबी द्या की पदवी."

सातबाऱ्याचं मात्र लगेच पटलं. आमच्या भावकीत चौथी पिढी गुंतलेली आहे, अजून कुणी पेपर छापला नाही.

आता तुझ्या चाळीस मशीनांचं. रागावणार नसशील तर एक सांगतो, आणि रागावणार असशील तरी सांगतो. सोन्याची लगड ओतली की तिचा टंच काढायचा असतो, म्हणजे चोख किती आणि हिणकस किती ते बघायचं. त्यासाठी लगडीला चार ठिकाणी बारीक भोकं पाडायची, दोन वरून, दोन खालून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. चारही ठिकाणचा कीस वेगवेगळा तपासायचा. चारही आकड्यांत केसाएवढा फरक येतोच, कारण मूस कितीही ढवळली तरी सोनं सगळीकडे सारखं बसत नाही. फरक फार आला तर ढवळण्यात कसूर. पण अजिबातच आला नाही तर त्याहून मोठी भानगड. चारही नमुने एकाच भोकातले असतात.

माझ्याकडे बिराप्पा नावाचा कामगार होता, जत तालुक्यातला. त्याने एकदा दिवाळीच्या गर्दीत तसंच केलं. चारही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. लगड गेली होती. मी माणूस पाठवून ती परत मागवली, पुन्हा वितळवली, पुन्हा टंच काढला, हलकी निघाली. बिराप्पाला घरी पाठवलं.

तुझी चाळीस मशीनं इतकी एकमताची कशी, एवढंच विचारतो. आमच्या ग्रामपंचायतीत सात माणसं आहेत, त्यांचंही एकमत होत नाही.

तुझा
गुंडाकाका


सातारा, १९ ऑगस्ट

काकांना जय जिनेंद्र.

रागावले नाही. हसले.

काका, संगणकाला दिवाळीची गर्दी नसते, तलफ येत नाही, आणि मनगट दुखतं म्हणून तो एकाच भोकात ड्रिल घालत नाही. तीन परदेशी तज्ज्ञांनी पेपर वाचून पास केलाय. त्यांपैकी एकाने तर "अचूकता कौतुकास्पद" असं लिहिलंय. त्या बिचाऱ्याने बिराप्पाची गोष्ट ऐकलेली नसणार.

मला सध्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधून घ्यायच्या आहेत. बाइंडरवाला विचारतो की सोनेरी अक्षरं हवीत का. म्हटलं घाल, आमच्या घराण्यात सोन्याची परंपरा आहे.

तुमचं छातीचं औषध चालू ठेवा. काकू कळवत असतातच की तुम्ही ठेवत नाही.

ब्राह्मी


विटा, २५ ऑगस्ट

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

तज्ज्ञांना माझा नमस्कार सांग. मदुराईत मलाही तीन सराफांनी "तुमचा टंच म्हणजे देवाचा शब्द" म्हटलं होतं. तिघांपैकी एकानेही स्वतः भोक पाडून बघितलं नव्हतं.

एकच प्रश्न, मग गप्प बसतो. मशीनं चाळीस, मान्य. पण त्यांना मळ कुणी दिला? प्रत्येकाला वेगळा दिला, की एकाच डब्यातला सगळ्यांना वाटला?

औषध चालू आहे. बनुबाईवर विश्वास ठेवू नकोस.

गुंडाकाका


सातारा, ९ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते बाजूला टाकलं. संध्याकाळी, केवळ तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून, दोन मशीनांच्या फायली शेजारी शेजारी उघडल्या. माझ्या तक्त्यात तीनच दशांश छापलेले असतात. फायलीत पंधरा असतात. पंधराही सारखे होते. मग तिसरं मशीन उघडलं. मग उरलेली सदतीस.

संगणकाला आपल्यासारखा आंधळेपणाने मळ टाकता येत नाही. त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, त्यावरून तो ठरवतो की मळ कुठे कुठे पडणार. आकडा तोच दिला तर मळही त्याच जागी पडतो. सुरुवातीला चाचणी घेताना मी तिथे १९९३ घातलं होतं, माझं जन्मसाल. ते नंतर प्रत्येक मशीनसाठी बदलायचं असतं. मी बदललं नाही. तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून जोतिबांच्या हातात दिली आणि म्हणाले, चाळीसही मशीनांवर हीच टाका, काहीही बदलू नका. त्यांनी प्रामाणिकपणे काहीही बदललं नाही.

म्हणजे माझे दहा हजार नमुने अडीचशेच आहेत. तेच चाळीसदा मोजले. ती सुंदर उडी म्हणजे अडीचशे नमुन्यांतला योगायोग, आणि चाळीसदा मोजल्यामुळे तो खात्रीचा वाटला. जास्त नमुने घेतले की उत्तरं थोडी थोडी हलतात, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मुलं झोपतात. आता कळतंय, मीही झोपले होते.

शेडबाळे सरांना सांगितलं. ते एकदम फारच गोड झाले. त्यांची योजना अशी. चूक माझी निघाली तर मुख्य प्रकरणच पडतं, प्रबंध परत येतो, मुलाखत गेली. पण आकडा बदलायचं काम परिचराला सांगितलं होतं आणि तो विसरला, असं म्हटलं तर ती "लॅबमधली त्रुटी" होते. वर ती उमेदवाराने स्वतः शोधून काढली, म्हणजे उमेदवार दक्ष. किरकोळ दुरुस्ती, पदवी, मुलाखत, जागा. पेपरलाही चार ओळींचं शुद्धिपत्र पुरेल.

मग त्यांनी जोतिबांना बोलावलं. मी तिथेच होते. सर म्हणाले, "जोतिबा, मॅडमनी प्रत्येक मशीनवर आकडा बदलायला सांगितला होता ना? तो राहिला तुमच्याकडून."

जोतिबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. मग ते म्हणाले, "सर म्हणत्यात तर ऱ्हायलं आसंल."

आणि चहाचे कप घेऊन गेले.

आठ महिन्यांनी ते निवृत्त होतायत. सर म्हणतात, एक मेमो सेवापुस्तकात जाईल, त्याने काय आभाळ कोसळतंय. पेन्शनचे कागद दोन-चार महिने रखडतील, सगळ्यांचेच रखडतात. मी होकार दिलेला नाही. पण सरांना माझं गप्प बसणं पुरतं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुम्ही लगड परत मागवलीत. पण काका, तुमचं बरं होतं. भोक तुम्ही पाडलं नव्हतं. दुसऱ्याची चूक जगापुढे मांडायला फार धैर्य लागत नाही. मला विचारायचंय ते असं की भोक तुम्हीच पाडलेलं असतं, तर?

ब्राह्मी


विटा, १५ सप्टेंबर

चि. ब्राह्मी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. "म्हणत्यात तर आसंल." तुझ्या जोतिबाचं तोंड मी बघितलेलं नाही, पण ते बोलताना कसं झालं असेल हे मला नक्की ठाऊक आहे.

मागे एका पत्रात बिराप्पाची जी गोष्ट लिहिली, ती मी गेली एकोणतीस वर्षं सांगत आलोय. लग्नात, पारावर, नव्या कामगारांना शिकवण म्हणून. सांगून सांगून इतकी गुळगुळीत झाली की मलाही ती खरी वाटायला लागली. ती खोटी आहे.

भोक मी पाडलं. शहाण्णव सालच्या दिवाळीआधीचा आठवडा, दुकानात उभं राहायला जागा नाही, ड्रिल बोथट झालेलं, तुझा बाप सराफाकडे गेलेला. एकदा भोक पाडलं, त्यातलाच कीस चार पुड्यांत घातला. चारही आकडे सारखे आले तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. लगड जाऊ दिली. महिन्याने सराफाचा माणूस आला, की लगड हलकी निघाली. दुकानात आठ माणसं उभी होती. मी म्हणालो, "नमुने बिराप्पाने घेतले होते."

तो मूस घासत होता. उठला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मालक म्हणत्यात तर आसंल."

लगड मी परत मागवली नाही, सराफाने आणून आपटली. बिराप्पाला त्याच रात्रीच्या गाडीने गावी पाठवला. सराफ खूश झाला, की गुंडाशेठ चुकीला माफी देत नाही. त्यानंतर माझं दुकान एवढं चाललं की काय सांगू. तू शिकत होतीस, तुला मी दर दिवाळीला खाऊ पाठवायचो. त्या वेळी मला फार मोठा माणूस असल्यासारखं वाटायचं.

तू विचारतेस, भोक तुम्हीच पाडलेलं असतं तर? तर असं करतो माणूस. सोपं आहे. एक वाक्य बोलायचं, पुढचं सगळं समोरचा माणूस आपणहून करतो. माझ्या अनुभवाचा दाखला देऊन कर. काहीही त्रास होत नाही, दुकान चालतं, लोक नमस्कार करतात. फक्त ती गोष्ट दर वर्षी सांगावी लागते, कारण सांगायची थांबलो की खरी आठवते.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही, हे तुला आता कळलंच. बनुबाईला हे पत्र वाचून दाखवलेलं नाही.

गुंडा


सातारा, १ ऑक्टोबर

काकांना ब्राह्मीचा जय जिनेंद्र.

परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक बंगळुरूहून आले होते, बारीक, शांत, सारखे पाणी पिणारे. सरांनी प्रस्ताव ठरल्याप्रमाणे सुरू केला, "प्रयोगशाळेतील परिचराकडून अनवधानाने..." मागच्या भिंतीला जोतिबा उभे होते, चहाची किटली घेऊन. त्यांना वाटत होतं की आज मॅडमचा सत्कार आहे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो आकडा मी लिहिला होता. जोतिबांना मीच सांगितलं होतं की काही बदलू नका."

पुढचं तुम्हाला कळेलच असं नाही, पण सांगते. सर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या घरातलं भांडं चोरलं. परीक्षकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, हे कधी लक्षात आलं आणि कसं. मी म्हणाले, विट्याच्या एका गलाईवाल्याने विचारलं, मळ कुणी दिला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. नाव विचारलं. मी सांगितलं नाही, कारण तुम्हाला आवडलं असतं की नाही ते कळेना.

प्रबंध परत. मुख्य प्रकरण नव्याने, मुदत एक वर्ष. पेपर मी मागे घेतला. नियतकालिकाचं उत्तर एका दिवसात आलं. छापायला त्यांना चौदा महिने लागले होते. १० तारखेच्या मुलाखतीला माझं नाव नाही. जागा आमच्याच कॉलेजातल्या शिवांजली जाधवला मिळेल असं म्हणतात. बरी शिकवते. हे लिहिताना मी दात ओठ खातेय, पण बरी शिकवते.

चाळीस मशीनांवर आता चाळीस वेगळे आकडे आहेत. पहिला निकाल आला. उडी नाही. सावकाश, लांबट उतार, जगातल्या सगळ्यांना मिळाला तोच. नऊ वर्षांत मी हे सिद्ध केलं की बाकीचे बरोबर होते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर जोतिबांनी मला चहा दिला. म्हणाले, "मॅडम, मला तसं काय कळालं न्हाई. पर माजं नाव निघालं व्हय मधी?" मी म्हणाले निघालं होतं, आता नाही. ते किटलीचं झाकण पुसायला लागले. मग म्हणाले, "मला वाटलं, माजंच ऱ्हायलं आसंल. तीन आठवडं झोप न्हाई. बायकूला म्हटलं, म्हातारपणी डोकं गेलंय माजं."

मी रडले, काका. कायमच्या जागेसाठी नाही. तीन आठवडे मी स्टेपलरकडे बघत होते आणि तो माणूस घरी बसून आपलं डोकं तपासत होता.

तुमच्यावर मी रागावलेय का, असं तुम्ही विचारलेलं नाही. रागावलेय. भेटायला येईन तेव्हा सांगेन, कानात मशीन घालून बसा.

तुमची ब्राह्मी


विटा, १३ ऑक्टोबर

चि. ब्राह्मीस अनेक आशीर्वाद.

जोतिबाला तीन आठवडे झोप नव्हती, हे वाचलं आणि बिराप्पाच्या एकोणतीस वर्षांचा हिशेब मनात आपोआप झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जतला गेलो. बनुबाईला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तिने भाकरी बांधून दिली, एकाची नाही, दोघांची.

बिराप्पा गावाबाहेर राहतो, मेंढरं आहेत पंचवीस-तीस. मला ओळखलं नाही. मग ओळखलं आणि उठून उभा राहिला, जसा तेव्हा उठला होता. मी म्हणालो बस, आणि मशीन कानात घातलं. त्याच्या अंगणात उभ्यानेच सांगितलं, की भोक मी पाडलं होतं, तू नाही. बसून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मला वाटलं शिव्या देईल. मी त्यासाठीच मशीन घातलं होतं.

तो म्हणाला, "मालक, मला आटवतच न्हवतं म्या भोकं कवा पाडली ती. लय डोकं लावलं. म्हटलं, मालक म्हणत्यात मंजी पाडली आसतील. घरी येऊन बायकूला तेच सांगितलं, की माजाच हात चुकला. ती मरस्तवर लोकांस्नी सांगत हुती, आमच्या ह्यांचा हात चुकला, पर माणूस वाईट न्हाई." मग म्हणाला, "ती जाऊन सा वर्सं झाली. आता तिला कुणी सांगायचं?"

मी बांधलेली भाकरी सोडली, त्याने कांदा आणला, आम्ही दोघं जेवलो. पाचच्या गाडीने परत आलो.

तू केव्हा येतेस ते कळव.

गुंडाकाका